चिंगीला घेऊन बर्फात जायचंय, पण गर्दी नको

पत्र:

ताई, मी झ्युरिकला राहते. नवरा, मी आणि आमची चिंगी. चिंगी मूळची कोथरूडची, 2016 च्या पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये बाबांना सापडलेली, साधी गावठी कुत्री, आता नऊ वर्षांची आहे. बाबांच्या गुडघ्यांमुळे त्यांना तिला फिरवणं जमेना म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही तिला इकडे आणलं. ऑगस्टमध्ये बाबा गेले. मी गेले, तेरावा झाला, परत आले आणि सोमवारी ऑफिसला. त्यानंतर थांबलेच नाहीये. आता आमचा इथला मराठी ग्रुप ख्रिसमस ते न्यू इयर एक मोठं शॅले, म्हणजे डोंगरातलं लाकडी घर, घेतोय, अकरा मोठी माणसं आणि सहा मुलं. नवऱ्याला स्कीइंगचं वेड आहे, त्याला जायचंय. सगळे म्हणतात कुत्रीला आठवडाभर केनेलमध्ये ठेव. मी सांगून टाकलं की चिंगीमुळे जमणार नाही, त्यावर नवरा म्हणतो एका कुत्रीपायी किती दिवस घरात बसायचं. मला खरं तर जायचंय, पण कुठेतरी शांत, पाचच दिवस, चिंगीला घेऊन. स्की रिसॉर्टला कुत्रं न्यावं का? पुण्याची कुत्री ती, थंडी झेपेल का तिला? आणि मला स्की येत नाही, शिकायचंही नाही, मग मी तिथे करू काय? ती अजून बाबांच्या जुन्या मफलरवर झोपते, तिला केनेलमध्ये सोडून मला नाही जमणार.
म., झ्युरिक

उत्तर:

म., जा. चिंगीला घेऊनच जा. फक्त ख्रिसमसच्या आठवड्यात जाऊ नकोस आणि सतरा माणसांच्या शॅलेत तर नकोच.

पण बुकिंग करायच्या आधी एक काम कर, आज रात्रीच कर. नवऱ्याला खरं कारण सांग. तू सगळ्यांना सांगितलंस चिंगीमुळे जमणार नाही, आणि म्हणून आता सगळ्यांच्या नजरेत अडचण चिंगी झालीये, त्याच्याही. तो तिच्यावरच तोडगे काढणार ना, केनेल बघू, शेजाऱ्यांना विचारू, डॉग सिटर बघू, आणि तू प्रत्येकाला नाही म्हणत राहणार आणि शेवटी दोघंही चिडणार. तुझ्या पत्रात मला दिसतंय ते एवढंच की ऑगस्टपासून तू एकही दिवस बाबांसाठी शांत बसलेली नाहीस आणि ते तुला हवंय. हे त्याला याच शब्दांत सांग, "मला बाबांसाठी पाच दिवस शांत हवेत, तू बरोबर हवास, आणि चिंगी त्यांची आहे म्हणून ती हवी." माझा अंदाज आहे की हे तू त्याला अजून एकदाही सरळ बोललेली नाहीस. तो वाईट माणूस वाटत नाही मला, त्याला ज्या प्रश्नाचं उत्तर विचारलं गेलं त्याचंच उत्तर तो देतोय.

ग्रुपलाही सांगायला काही हरकत नाही. घरातलं माणूस गेल्यावर वर्षभर सणवार करत नाहीत, दिवाळीला घरात तळण होत नाही, शेजारपाजारचे फराळाचे डबे आणून देतात, हे त्यांना काय नवीन आहे का? यंदा तुझ्याकडेही कोणीतरी डबा घेऊन आलंच असेल. त्या माणसांना "यंदा पार्टी नको वाटतेय" एवढं म्हटलं की पुरतं, त्यात त्या बिचाऱ्या कुत्रीला मध्ये घालायची गरज नाही.

आता कधी जायचं ते. ख्रिसमस ते साधारण 6 जानेवारी सगळीकडे तुडुंब असतं आणि दर दुप्पट. फेब्रुवारीत शाळांच्या स्पोर्ट्सच्या सुट्ट्या, प्रत्येक कॅन्टनची, म्हणजे इथल्या राज्याची, वेगळ्या आठवड्यात, त्यामुळे महिनाभर गर्दी हलत नाही. मधले जे तीन आठवडे उरतात, 7-8 जानेवारीपासून महिन्याच्या शेवटापर्यंत, ते तुझे. इथले लोक त्याला जानेवारीचं भोकच म्हणतात, यानुआरलॉख, सगळ्यांचे पैसे डिसेंबरात संपलेले असतात म्हणून. बर्फ चांगला असतो, अपार्टमेंट स्वस्त मिळतात, लिफ्टला रांग नसते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 31 डिसेंबरचे फटाके होऊन गेलेले असतात. पुण्यात वाढलेल्या कुत्र्याला दिवाळी म्हणजे काय असते ते तुला मी सांगायला नको. झ्युरिकमध्ये निदान तिला तिची खोली आणि तिचा कोपरा माहितीय, अनोळखी शॅलेत सहा मुलं आणि बाहेर रॉकेट म्हणजे हाल आहेत तिचे.

कुठे जायचं? माझ्या मते बेटमेराल्प. वालिस कॅन्टनमध्ये, साधारण 1950 मीटरवर, डोंगराच्या उतारावर एक सपाट पट्टा आहे आणि त्यावर हे गाव. वरपर्यंत गाडीरस्ता नाहीच, खालून केबल कारनेच जायचं. गाड्या नसल्या की कुत्र्यासाठी दोन गोष्टी बदलतात. एक तर रस्त्यावर मीठ नाही, दुसरं म्हणजे गाडीतून गळलेलं अँटीफ्रीझ, इंजिनचं पाणी गोठू नये म्हणून घालतात ते, नाही. अँटीफ्रीझ चवीला गोड असतं, कुत्री चाटतात आणि थोडंसंही किडनी निकामी करतं, हे तुझ्या झ्युरिकच्या पार्किंगमध्येसुद्धा लक्षात ठेव.

आणि तिथे ऊन असतं. झ्युरिकचं ते नोव्हेंबरपासूनचं राखाडी झाकण, ज्याच्याखाली आपण सगळे बसलेलो असतो, ते तिथे नाही पोचत. मला इथे एकोणीस वर्षं झाली, पहिल्या काही हिवाळ्यांत मला वाटायचं माझंच काहीतरी बिनसलंय, मग एकदा जानेवारीत डोंगरावर गेले आणि वरून बघितलं की खाली दरीभर पांढरा ढग पसरलाय आणि आपण उन्हात उभे. बाप गेल्याच्या वर्षात माणसाला ऊन लागतं गं.

जायला सोपं आहे. झ्युरिकहून ब्रिगला थेट गाडी आहे, बर्नवरून जाते, दोन तासांच्या वर थोडी मिनिटं. मध्ये लोएटशबर्गचा नवीन बोगदा लागतो, 2007 साली सुरू झालेला, 34.6 किलोमीटर लांब, धुक्यात आत शिरतो आणि बऱ्याचदा लख्ख उन्हात बाहेर येतो. ब्रिगला स्टेशनच्या बाहेर, समोरच्या चौकातूनच लाल छोटी गाडी सुटते, ती बेटन टालस्टेशनला, म्हणजे खालच्या स्टेशनला, सोडते, आणि तिथूनच केबल कार. चिंगीचं तिकीट विसरू नकोस. पिशवीत मावणारी, खांद्यापर्यंत 30 सेंटीमीटरच्या आतली कुत्री फुकट असतात, पण आपल्या गावठी कुत्र्या त्यात बसत नाहीत, तिला सेकंड क्लासचं अर्धं तिकीट लागेल. केबल कारचे आणि लिफ्टचे कुत्र्याचे दर प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, ते काउंटरवर विचार.

केबल कार दहा-एक मिनिटांत अकराशे मीटर चढते, आपले कान बंद होतात तसे तिचेही होतात आणि तिला कळत नाही काय होतंय ते. खिशात चीजचे बारीक तुकडे ठेव आणि चढताना एकेक देत राहा, गिळलं की कान सुटतात. अजून एक, या स्टेशनांवर आणि जिन्यांवर बऱ्याच ठिकाणी लोखंडी जाळीची जमीन असते, खालचं सगळं आरपार दिसतं आणि नखं जाळीत अडकतात. कुत्री तिथे पाय रोवून उभीच राहतात. ओढू नकोस. नखं उपटून निघालेली मी पाहिलीयेत. नवऱ्याला उचलायला लाव, किंवा जाळीवर जाकीट टाकून त्यावरून चालव.

बेटमेराल्प नाही मिळालं तर शेजारचं रीडराल्प बघ, तसंच आहे. वेंगेन आणि म्युरेनही गाड्यांशिवायची गावं, दोन्ही सुंदर, पण जानेवारीत तारखा तपासल्याशिवाय बुक करू नकोस. वेंगेनला जानेवारीच्या मध्यावर लाउबरहॉर्नची स्कीची वर्ल्ड कप रेस असते आणि त्या वीकेंडला एवढ्याशा गावात हजारो माणसं उतरतात, म्युरेनला त्याच महिन्यात इन्फर्नोची रेस. शांतता शोधायला जाऊन घंटा आणि भोंग्यांमध्ये सापडशील. नवरा म्हणेल ऑस्ट्रिया स्वस्त पडतं, खरंय, पण मग चिंगीचा पेट पासपोर्ट आणि रेबीजच्या लसीची तारीख बघावी लागेल आणि तिकडच्या ट्रेनमध्ये तोंडाला मझल सक्तीचं आहे. तिला भारतातून आणताना तू रक्ताची तपासणी आणि ते तीन महिने थांबणं सगळं केलेलंच आहेस, कागदांचं तुला काही नवीन नाही, पण पाच दिवसांसाठी ती कटकट कशाला.

आता थंडीचं. बर्फ म्हटलं की लोकांना ती गळ्यात पिंप बांधलेली सेंट बर्नार्ड कुत्री आठवतात आणि वाटतं कुत्र्याला काय होतंय थंडीनं. त्या जातीतला सगळ्यात नावाजलेला बॅरी, 1800 ते 1814 मधला, ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतल्या मठात होता आणि त्यानं चाळीसवर माणसं वाचवली असं सांगतात. बर्नच्या म्युझियममध्ये तो आजही पेंढा भरून ठेवलाय, पिंप मात्र दंतकथा आहे. पण तो बॅरी. चिंगीच्या अंगावर एकेरी आखूड केस आहेत, खाली लोकर नाही, पोट जवळजवळ उघडं, आणि वय नऊ. तिला कोट लागणारच, आणि तो पोटाखालूनही झाकणारा हवा, नुसती पाठीवरची झूल नाही. जानेवारीत तिथे दुपारी उन्हात शून्याच्या आसपास आणि रात्री उणे दहा किंवा त्याखाली असू शकतं. म्हणून लांब फिरणं दुपारी अकरा ते तीन, आणि सकाळ-संध्याकाळ फक्त शी-शूपुरतं, दहा मिनिटं. दुपारीसुद्धा पहिल्या दिवशी वीस मिनिटं बास. घड्याळापेक्षा तिच्याकडे बघ. एक पाय उचलून धरला, मग दुसरा, पाठ वर करून उभी राहिली, चालता चालता थांबून तुझ्या तोंडाकडे बघायला लागली, की थेट घरी. रुमवर आल्यावर कान आणि शेपटीचं टोक हातात धरून बघायचं, तिथे गारठा आधी कळतो.

पंजांबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सगळी ट्रिप त्याच्यावर असते. निघायच्या आदल्या आठवड्यात व्हेटकडे एकदा दाखवून घे, सांधे तपासून घे, उंचीवर जातोय हे सांग, हृदयाचं काही असेल तर तेव्हाच कळेल. सांधे आखडले तर कोणती गोळी द्यायची हेही त्यांनाच विचार, आपली आयबुप्रोफेन चुकूनसुद्धा देऊ नकोस, कुत्र्यांना ती विष आहे. नखं कापून घे. बोटांच्या मधले केस पंजाच्या गादीच्या बरोबरीला कातरून घे, त्या केसांना धरूनच बर्फाचे गोळे होतात, आधी वाटाण्याएवढे, मग बोराएवढे, आणि मग ते कुत्रं खडे टोचल्यासारखं चालायला लागतं. बाहेर पडायच्या आधी पंज्याला बाम चोळ, बोटांच्या फटीत सुद्धा. बूट घेणार असशील तर आत्ताच घे आणि घरात रोज पाच मिनिटं घालून सवय कर, बर्फात पहिल्यांदा बूट घातलेलं कुत्रं पाय झटकत बसतं आणि एक बूट हमखास हरवतो. परत आल्यावर एका टबमध्ये कोमट पाणी, गरम नाही, एकेक पंजा त्यात बुडवायचा, बोटं फाकवून आत अंगठा फिरवायचा, अडकलेला बर्फ ओढायचा नाही, पाण्यात विरघळू द्यायचा. मग टॉवेलनं फटीफटीतून कोरडं. माझ्या दोन्ही कुत्र्यांचं मी हे वर्षानुवर्षं केलंय, पहिल्या दिवशी ती पाय काढून घेतात, तिसऱ्या दिवशी स्वतःहून टबाजवळ येऊन उभी राहतात.

बर्फ खाऊ देऊ नकोस. कितीही मजा वाटली तरी गोळे फेकून झेलायला लावू नकोस. भसाभसा बर्फ खाल्ला की पोट बिघडतं, उलट्या, जुलाब, कधी रक्तसुद्धा, आणि पाच दिवसांच्या ट्रिपमधले दोन दिवस त्यात जातात. बऱ्याचदा ती तहानेनंच खातात, म्हणून निघायच्या आधी कोमट पाणी पाजायचं, त्यात चमचाभर दही किंवा चिकनचं बिनमिठाचं पाणी घातलं की पितातच, आणि एक छोटा थर्मास बरोबर ठेवायचा.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते आवाजाचं, कारण हे कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतं. रात्री खूप बर्फ पडला की दुसऱ्या दिवशी पहाटे उतारावरचा साठलेला बर्फ स्फोट करून मुद्दाम पाडतात, म्हणजे दिवसा तो माणसांवर कोसळू नये. गरजेचं काम आहे, पण आवाज तोफेसारखा आणि डोंगरांत तो घुमतो. माझा पहिला कुत्रा, बंड्या, असाच एका गावात साडेसहा वाजता माझ्याबरोबर बाहेर होता. पहिला धमाका झाला, तो खाली बसला. मी वाकले त्याच्याकडे आणि तेवढ्यात दुसरा झाला, त्यानं डोकं मागे ओढलं, गळपट्टा कानांवरून सुटला आणि माझ्या हातात नुसता पट्टा राहिला. अंधार होता अजून. त्याच्या पावलांचे ठसे घरांच्या मागे गेले आणि तिथे मशिनने नुकताच दाबलेला बर्फ होता, त्यावर काहीच उमटेना. चाळीस मिनिटं मी नावानं हाका मारत फिरले. शेवटी लिफ्टवर काम करणाऱ्या एका माणसानं दुरून हात केला, स्लेज ठेवायच्या शेडखाली, एकदम मागे, अंगाचं मुटकुळं करून बसला होता, पापण्यांवर बर्फ. बाहेर येईना. मी पोटावर झोपून आत सरकले आणि काहीच न बोलता त्याच्याजवळ पडून राहिले तेव्हा कुठे तो हलला.

म्हणून चिंगीला गळपट्टा नको, छातीवरून जाणारा हार्नेस, त्याला पट्टा आणि वर जीपीएस ट्रॅकर, आणि गळ्यात तुझा फोन नंबर. रात्री बर्फ पडला असेल तर सकाळी बाहेर नेऊच नकोस, आवाज थांबेपर्यंत थांब. लिफ्टच्या ऑफिसमध्ये किंवा टुरिस्ट ऑफिसमध्ये आदल्या संध्याकाळी विचारलं की सांगतात उद्या स्फोट आहेत का. त्या वेळी तिला आतल्या खोलीत किंवा बाथरूममध्ये घेऊन बस, रेडिओ लाव. ती जवळ आली तर जवळ घे, घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं की लाड होतात वगैरे लोक म्हणतात, ऐकू नकोस.

पिस्टवर, म्हणजे स्कीइंगच्या उतारावर, कुत्रं न्यायचं नाही. स्कीच्या कडा सुरीसारख्या धारदार असतात, एका घसरणाऱ्या माणसानं पायाची शीर तुटू शकते. तुझ्यासाठी वेगळे रस्ते आहेत, हिवाळ्यात चालायचे, दाबून ठेवलेल्या बर्फाचे, त्यांच्या पाट्या गुलाबी असतात, त्या धरून चालायचं. लांगलाउफचे, म्हणजे सपाटीवरच्या स्कीइंगचे, ते दोन खोबणींचे ट्रॅकही सोडायचे, तिथे सहसा कुत्र्यांना बंदी असते. बेटमेराल्पला मात्र गावातल्या रस्त्यावरूनच लोक स्की करत घरापर्यंत येतात, तिथे पट्टा आखूड आणि चिंगी भिंतीच्या बाजूला. लिफ्ट बंद झाल्यावर मोकळा उतार बघून मोह होईल तिला सोडायचा, नको. संध्याकाळी बर्फ दाबणारी मोठी मशिनं चढतात आणि तीव्र चढावर ती वरच्या खुंट्याला तारेनं बांधलेली असतात, ती तार हजार मीटरपर्यंत लांब असते, अंधारात दिसत नाही आणि एकदम ताणली जाते, माणूस मरतो त्यात. स्लेजवर तू बसलीस तरी तिला बाजूनं पळायला लावू नकोस, धावणाऱ्या स्लेजच्या पट्ट्यांखाली पंजे येतात.

आणि जंगलात पट्टा सुटायचा नाही. हरणं, शामॉय म्हणजे डोंगरातल्या रानबकऱ्या, सगळी हिवाळ्यात जेमतेम ताकदीवर जगत असतात, काळे रानकोंबडे बर्फात बीळ करून आत बसलेले असतात, एकदा उठवलं की पळण्यात जी शक्ती जाते ती भरून निघत नाही. चिंगी धरणार कोणालाच नाही, पण पाठलागच पुरे होतो.

आता तुझा शेवटचा प्रश्न, मी तिथे करू काय. बघ, हे बेटमेराल्पच्या एका दिवसाचं. सकाळी उशिरा उठायचं. नवऱ्याला नऊला लिफ्टवर पाठवायचं, हाफ-डे पास बहुतेक ठिकाणी मिळतो, एकपर्यंत तो त्याचं स्कीइंग करेल, त्याला मनसोक्त करू दे, त्यात तुझं काही कमी होत नाही. चिंगीला खोलीत कोंडून दोघं बाहेर जाणं मात्र नाही, नवीन जागा, नवीन वास, ती रडून गाव गोळा करेल आणि पुष्कळ हॉटेलांत तशी परवानगीही नसते. अकराला तू आणि ती बाहेर. गावाच्या टोकाला एक छोटं पांढरं चॅपल आहे, मारिया त्सुम श्ने, म्हणजे बर्फातली मेरी, 1697 चं. त्याच्या पायऱ्यांवर ऊन येतं. बस तिथे. समोर दरीपलीकडे मिशाबेलची रांग आणि हवा स्वच्छ असेल तर मॅटरहॉर्नचं टोक. बसायला जाड काहीतरी ने, तुझ्यासाठी आणि तिच्यासाठी. काही करायचं नाही. रडू आलं तर रडायचं, तिथे जानेवारीत कोणी विचारायला येत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रीडराल्पकडे चाला, जवळजवळ सपाट रस्ता आहे, तास-सव्वा तास. चिंगी दमली तर अर्ध्यातून वळा, पोचायलाच पाहिजे असं काही नाही. एखाद्या दिवशी नवऱ्याला स्की बाजूला ठेवायला सांग आणि तिघं मोसफ्लूला वर जा, तिथून आलेच ग्लेशियर, म्हणजे हिमनदी, दिसतं, आल्प्समधलं सगळ्यात मोठं, वीस-एक किलोमीटर लांब, 2001 पासून जागतिक वारशात. वर वारा फार असतो, चिंगीसाठी दहा मिनिटं, त्याहून जास्त नको.

हॉटेलपेक्षा किचनवालं अपार्टमेंट घे. बुक करताना कुत्रं आहे हे आधी लेखी कळव, जास्तीचे पैसे आणि शेवटच्या साफसफाईचं किती घेणार ते विचार, आणि तळमजला माग, नऊ वर्षांच्या कुत्रीला रात्री तीन जिने नकोत. छोटा कुकर बरोबर ने. गंमत वाटेल पण एवढ्या उंचीवर पाणी 93-94 अंशांनाच उकळतं, पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. कुकर असला की मुगाची खिचडी होते, वर तूप, बरोबर भाजलेला पापड, आणि चिंगीला बिनमिठाची वेगळी काढलेली. तुझ्या सुट्टीत संक्रांत येईल बहुतेक. सण करायचा नसला तरी तिळाच्या चार वड्या डब्यात टाकून ने, बाबांना आवडत असतील तर नक्कीच ने.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्य जातो आणि मग लांब रात्र असते, तेव्हा नवऱ्याशी बोल. चिंगी कशी सापडली ते त्याला सांग, त्याला पूर्ण गोष्ट माहीत नसेल कदाचित. कुठल्या गाडीखाली होती, बाबांनी तिला कशात गुंडाळून वर आणलं, पहिल्या रात्री तिला कुठे झोपवली, आई काय म्हणाली.

आणि तो मफलर. तो धुवू नकोस आता, जानेवारीपर्यंत तर अजिबातच नको. बॅगेत कपड्यांबरोबर टाकू नकोस, वेगळ्या पिशवीत, तोंड बांधून, म्हणजे त्याचा वास त्यालाच राहील. अपार्टमेंटचं दार उघडलं की बॅगा उघडायच्या आधी एक कोपरा बघ, दारापासून लांब, हीटरला अगदी चिकटून नको, आणि तो तिथे अंथर. ती सगळं घर हुंगत फिरेल, दोनदा दाराशी जाऊन येईल. फिरू दे. हाक मारू नकोस, तिची ती येऊन बसेल त्यावर.